शेजारच्या पाच मुलांना ईदची भेट काय द्यावी?

प्रश्न : खालच्या आळीतली

सर्व सभासदांना नमस्कार.

बदलीच्या निमित्ताने आम्ही गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत राहायला आलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक एकत्र कुटुंब राहते. दोन सख्ख्या भावांची मिळून पाच मुले आहेत : दीड वर्षाचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा, १३ वर्षांची मुलगी आणि १६ वर्षांचा मुलगा. थोरला भाऊ कतारला नोकरी करतो, धाकट्याचे इथेच हार्डवेअरचे दुकान आहे. गणपतीत ही मुले आमच्याकडे रोज आरास पाहायला येत होती आणि दिवाळीत त्यांच्या दादींनी आमच्या मुलीला आवर्जून रंगांची पेटी पाठवली होती. आता रमजान सुरू आहे आणि ईदला या पाचही मुलांना आमच्याकडून काहीतरी द्यावे, असे आम्हां दोघांना मनापासून वाटते.

अडचण अशी की माझे सगळे आयुष्य सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात गेले आणि ईदला शेजाऱ्यांकडे शिरखुर्मा पिण्यापलीकडे माझा अनुभव नाही. पहिला विचार कपड्यांचा आला, पण मापाचा आणि आवडीचा प्रश्न आहे. नमाजाची टोपी किंवा जानमाज (नमाज पढायची चटई) यांसारखी धार्मिक वस्तू आमच्याकडून गेलेली चालेल की ते आगाऊपणाचे दिसेल? पैसे पाकिटात घालून दिले तर परकेपणा वाटेल का? पाचही भेटी सारख्याच किमतीच्या असाव्यात की वयाप्रमाणे कमी-जास्त चालतात? खेळण्यांत किंवा खाऊत काही टाळायला हवे असेल तर तेही सांगावे. त्यांच्या आईला सरळ विचारता येईल हे मला कळते, पण विचारले की त्या 'काहीच आणू नका' असे म्हणणार, हेही ठाऊक आहे.

उत्तर १ : हर्णैची खाला

ताई, आधी कपड्यांचा विचार मनातून काढून टाका. ईदचे कपडे रमजानच्या पहिल्या पंधरवड्यातच शिंप्याकडे गेलेले असतात किंवा तयार आणून कपाटात ठेवलेले असतात, आणि सकाळी अंगावर काय चढवायचे हे मुलांनी केव्हाच ठरवलेले असते. तुमचा सदरा कितीही सुंदर असला तरी त्या दिवशी तो घडीतच राहील. शिवाय लहान मुलांच्या तयार कपड्यांवर हल्ली प्राण्यांची आणि कार्टूनची चित्रे असतात. सजीवाचे चित्र असलेला कपडा नमाजाला घालू नये असे आमच्याकडे पाळतात, त्यामुळे तसा सदरा ईदगाहवर, म्हणजे ईदच्या नमाजाच्या मैदानावर, जाणार नाही. मुलगे मोठे असतील तर आणखी एक गोष्ट : रेशीम आणि सोने पुरुषांनी वापरू नये असा दंडक आहे आणि बऱ्याच घरांत तो लहान मुलग्यांनाही लावतात. सोन्याचा मुलामा दिलेले घड्याळ किंवा रेशमी कुर्ता मुलग्यासाठी घेऊ नका. मुलींना ही अट नाही.

धार्मिक वस्तूंबद्दल माझे मत स्पष्ट आहे. टोपी, जानमाज, कुराण ठेवण्याची लाकडी रिहल, अरबी अक्षरांचा कायदा (अक्षरओळखीचे पहिले पुस्तक) या वस्तू मुलांना नाना-नानी, मामू, फुफी (आत्या) यांच्याकडून मिळतात आणि त्या देण्यात त्यांचा मान असतो. तुम्ही दिल्यात तर कुणी नाराज होणार नाही. उलट तुमचे कौतुकच होईल. पण ते कौतुक मोठी माणसे करतील, मुले करणार नाहीत, आणि भेट तर मुलांसाठी आहे. तुमच्या मुलीला दादींनी दिवाळीत रंग दिले, पणती दिली नाही. त्यांनी जो विचार केला तोच तुम्ही करा.

आता वयाप्रमाणे सांगते. दीड वर्षाच्या मुलाला सणाचे काही कळत नाही. त्याच्या भेटीत खरे पाहायचे ते त्याच्या आईचे काम वाढणार नाही एवढेच. मोठे लाकडी ठोकळे, एकात एक बसणारे रंगीत पेले, जाड पुठ्ठ्याचे पान असलेले पुस्तक यांपैकी काहीही चालेल. बाळाच्या डोळ्यांत घालायला सुरमा देण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे, पण पारंपरिक सुरम्यात शिसे असते आणि डॉक्टर तो लहान मुलांना घालू नका असेच सांगतात, म्हणून कुणी सुचवला तरी तो घेऊ नका. अख्खे काजू-बदाम किंवा बी असलेला खजूर या वयाच्या हाती देऊ नये, कारण तो घशात अडकू शकतो.

पाच वर्षांच्या मुलीला भातुकली द्या. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भाज्या तुम्ही पाहिल्या असतील : आंबा, फणस, केळ्यांचा घड, मिरची, वांगे. ती आपल्या कोकणची आहेत, टिकतात, आणि कुठल्याही घरात त्यांना हरकत नसते. बाहुलीबद्दल मात्र घराघरात फरक आहे. मुलींनी बाहुल्यांशी खेळण्याला परवानगी आहे असे मानणारी घरे पुष्कळ आहेत (माझे त्यांतलेच, माझ्या दोन्ही मुली बाहुल्यांमध्येच वाढल्या), तर हुबेहूब चेहऱ्याची बाहुली किंवा शोभेचा पुतळा नको म्हणणारीही आहेत. तुमचे त्या घरी जाणे-येणे आहे. त्या मुलीकडे आधीची बाहुली दिसली असेल तर प्रश्नच मिटला.

नऊ वर्षांच्या मुलाबद्दल एक चौकशी जरूर करा : त्याने यंदा पहिला रोजा ठेवला आहे का? रोजा बालिग, म्हणजे वयात, आल्यावरच बंधनकारक होतो, पण या वयाची मुले हट्टाने एखादा रोजा पुरा करतात आणि घरात त्याचे मोठे कौतुक होते. तसे असेल तर भेट देताना त्याचा उल्लेख करा. वस्तूपेक्षा त्याला त्याचा आनंद जास्त होईल. वस्तू म्हणून बॅट, फुटबॉल, पतंगाची फिरकी, काहीही. आमच्याकडे ज्या घरांतले पुरुष आखातात आहेत तिथे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आणि चॉकलेटांचे डबे सुट्टीला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर येतात. त्यात तुम्ही भर घालू नका. अंगणात चार मुलांनी मिळून खेळायची वस्तू मात्र विमानाने सहसा कुणी आणत नाही.

तेरा वर्षांची मुलगी सगळ्यांत अवघड. तिला खेळणे दिले तर अपमान वाटेल आणि बाईसारखी पर्स दिली तर ती दादी उचलेल. चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, मुली एकमेकींच्या हातावर मेंदी काढतात, तेव्हा मेंदीचे चांगले कोन, काचेच्या बांगड्या आणि केसांच्या पिना अशी एक पिशवी आदल्या दिवशीच दिलीत तर ती त्याच रात्री कामी येईल. एक सावधगिरी ठेवा : झटपट रंगणारी 'काळी मेंदी' घेऊ नका. तिच्यात केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडीवर फोड येतात. साधी हिरवी, तपकिरी रंगणारी मेंदी घ्या.

सोळा वर्षांच्या मुलाला अत्तराची छोटी बाटली द्या. ईदच्या सकाळी नाहून अत्तर लावून नमाजाला जायची रीत आहे आणि या वयात स्वतःच्या मालकीचे अत्तर असणे ही मोठी गोष्ट असते. अल्कोहोल नसलेले, तेलातले अत्तर मागा. फवाऱ्याचे सेंट नको.

उत्तर २ : चिपळूणचा दुकानदार

खालांनी बहुतेक सगळे सांगितलेच आहे. माझे खेळणी आणि स्टेशनरीचे दुकान असल्यामुळे गल्ल्यावर बसून जे दिसते तेवढे जोडतो.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. खोक्यावर ते शोधा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर ते दिसले नाही म्हणून घाबरून जाऊ नका; मात्र ओल्या फडक्याने घासून रंग निघतो का, ते दुकानातच पाहा. खोक्यावर '०–३' असा आकडा आणि त्यावर तिरपी रेघ मारलेला बाळाचा चेहरा असेल तर त्यात सुटे बारीक भाग आहेत असे समजावे. आणि इथे एकत्र कुटुंबाची खरी गोम आहे. नऊ वर्षांच्या मुलाला दिलेली वस्तू दीड वर्षाच्या भावाच्या तोंडात जायला एक दुपार पुरते. म्हणून मोठ्यांसाठीही लोहचुंबकाचे मणी, पाण्यात फुगणारे रंगीत गोळे आणि नखाएवढ्या गोल बॅटरीवर चालणारे काहीही त्या घरात पाठवू नये. ती बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

काही बारीकसारीक गोष्टी माझ्या गिऱ्हाइकांकडूनच मला कळल्या. पैसे साठवायचा गल्ला द्यायचा असेल तर डुकराच्या आकाराचा उचलू नका; बाहेरून येणाऱ्या मालात तो आकार सर्रास असतो, आणि आपला मातीचा गल्ला कधीही चांगला. तैलरंगाचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात, म्हणून चित्रकलेचे साहित्य घेताना नायलॉनचे ब्रश मागावेत. फाशांच्या खेळांबद्दल हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) निषेध आहे असे सांगून काही पालक सापशिडी आणि लुडो परत करतात. कॅरम मात्र माझ्याकडून जवळजवळ सगळेच नेतात. वाजणारी खेळणी काही घरांत चालत नाहीत, आणि खरे सांगायचे तर ती कुठल्याच धर्माच्या आयांना आवडत नाहीत.

खाऊबद्दल सोपे आहे. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमॅलो यांत जिलेटिन असते आणि ते कोणत्या जनावराचे, हे पाकिटावर बहुधा लिहिलेले नसते. हिरवा ठिपका असलेला शाकाहारी खाऊ घेतला की हा प्रश्न उरत नाही, कारण त्यात जिलेटिन वापरता येत नाही. चॉकलेट परदेशी असेल तर आत मद्य नाही एवढे वाचून घ्या.

आणि पाकिटे. आपल्या बाजारात पैशाची जी पाकिटे मिळतात, त्यांवर बहुधा गणपती, कलश किंवा स्वस्तिक छापलेले असते आणि वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. गडबडीत हातात तेच येते. साधे रंगीत पाकीट घ्या आणि त्यावर प्रत्येक मुलाचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहा.

उत्तर ३ : निवृत्त मास्तर, खेड

मी अनेक वर्षे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवले. वरच्या दोन्ही उत्तरांत पुस्तकांचा विषय जवळजवळ आलाच नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही, पण वाईट वाटले.

पुस्तक घेण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी लागते : मूल कोणत्या लिपीत सहज वाचते? कोकणातल्या मुसलमान घरांत मुले घरी कोकणी बोलतात, शाळा उर्दू, मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि मदरशात अरबी अक्षरे शिकतात. आडनावावरून किंवा मोहल्ल्यावरून माध्यमाचा अंदाज बांधणे हमखास चुकते. एकाच घरातली थोरली मुलगी उर्दू शाळेत आणि धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. तेव्हा शाळेचे नाव विचारा. हा प्रश्न अगदी सहज विचारता येतो आणि त्याला उत्तर म्हणून 'काहीच आणू नका' असे कुणी म्हणत नाही.

मूल उर्दू वाचणारे असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके उर्दूतही निघतात आणि त्यांची किंमत माफक असते. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद मुलांसाठी एक रंगीत उर्दू मासिक काढते. त्याची वर्षाची वर्गणी नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने भरली तर स्वतःच्या नावाचे टपाल दर महिन्याला घरी येण्याचा आनंद त्याला मिळेल. मराठी वाचणारे असेल तर तुम्ही तुमच्या मुलीसाठी जे घ्याल तेच घ्या. मुसलमान मुलाला मुसलमान नायकाचेच पुस्तक द्यायला हवे, असे काही नाही. त्याला पाणबुडीचे आणि देवमाशाचे पुस्तक जास्त आवडण्याची शक्यता आहे.

तेरा वर्षांच्या मुलीविषयी माझे मत खालांपेक्षा थोडे वेगळे आहे. मेंदी आणि बांगड्या तिला घरातूनच मिळतील. ती उर्दू लिहीत असेल तर तिला खुशखतासाठी (सुंदर अक्षरलेखनासाठी) तिरप्या टोकाच्या लेखण्यांचा संच आणि चांगली शाई द्या. उर्दू ज्या नस्तालिक वळणात लिहितात त्यातले अक्षराचे जाड-बारीकपण लेखणीच्या तिरप्या कापावर अवलंबून असते आणि साध्या बॉलपेनाने ते कधीच साधत नाही. पूर्वी मोडी लिहिणारे कारकून ज्या बोरूने लिहीत, तोच बोरू या कामाला चालतो. फक्त कापाचा कोन वेगळा ठेवावा लागतो. कोकणातल्या ओढ्याकाठी बोरू अजून मिळतो, पण तो कापायला हात लागतो, म्हणून तयार निबांचा संच बरा. ज्या मुलींचे अक्षर मी अशा लेखणीने सुधारलेले पाहिले, त्यांपैकी काही जणी आज स्वतः शिक्षिका आहेत.

उत्तर ४ : राजापूरकर

इतक्या खोलात जाण्याची गरज आहे का? ईदला मुलांना मोठ्यांकडून ईदी मिळते आणि ती रोख असते. सकाळी नमाजाहून परत आले की मुले एकेका घरी जाऊन सलाम करतात, ईदी घेतात आणि दुपारी कोपऱ्यात बसून कुणाला किती मिळाली, याचा हिशेब करतात. हा हिशेब हाच त्यांचा अर्धा सण असतो. तुम्ही वस्तू दिलीत तर त्या हिशेबात तुमचे नावच येत नाही. बँकेतून कोऱ्या नोटा आणा, कारण चुरगळलेली शंभराची नोट आणि कोरी पन्नासाची नोट यांत लहान मूल कोरीच उचलते. आपल्याकडे ५१ किंवा १०१ देतात तसा वरचा रुपया लावण्याची गरज नाही. ५० किंवा १०० सरळ द्यावेत.

किमतीचा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून सांगतो. वयाप्रमाणे रक्कम वाढलेली मुलांना मान्य असते, पण एका वयाच्या दोन चुलत भावंडांत फरक केला तर ते लक्षात ठेवतात. आणि रक्कम फार मोठी ठेवू नका. तुम्ही जे द्याल ते दिवाळीत तुमच्या मुलीकडे परत येणार, हे गृहीत धरा. शेजारचे घर खाऊन-पिऊन सुखी असेल, तरी देण्याघेण्याची पायरी एकदा चढली की कुणालाच ती उतरता येत नाही.

प्रश्नकर्ती : खालच्या आळीतली

सर्वांचे आभार. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे शाळांची चौकशी केली : १३ वर्षांची मुलगी उर्दू माध्यमात आहे आणि नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमात. त्यामुळे तिच्यासाठी लेखण्यांचा संच ठरला. मेंदीचे कोनही सोबत देईन, म्हणजे खाला आणि मास्तर दोघांचेही राहील. धाकटीला सावंतवाडीची भातुकली, बाळाला ठोकळे, नऊ वर्षांच्या मुलाला फुटबॉल. प्रत्येकाला ५० रुपयांची कोरी नोट साध्या पाकिटात देण्याचे राजापूरकरांचे म्हणणेही आमच्या घरी सर्वांना पटले.

दोन शंका उरल्या. सोळा वर्षांच्या मुलाला नोट दिली तर त्याला आपण लहान धरले असे वाटेल का? आणि नेमके कधी जावे? तसेच बकरी ईदलाही असेच द्यायचे असते का, हेही सांगावे.

उत्तर : हर्णैची खाला

सोळा वर्षांचा असला तरी ईदी घेताना लाजेल आणि घेईल. कमावू लागेपर्यंत तो घेणाऱ्यांत मोडतो. त्याने स्वतः धाकट्या भावंडांना दहा-दहा रुपये द्यायला सुरुवात केली असेल तर मात्र त्याला पाकीट न देता फक्त अत्तर द्या, कारण त्या घरात तो आता देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला आहे. हे तुम्हाला त्याच्या दादी हसत हसत सांगतील.

बकरी ईदला मुलांना भेटी देण्याची तेवढी रीत नाही. त्या दिवशी घरातले सगळे कुर्बानीच्या आणि वाटपाच्या कामात असतात. तरी द्यायचेच असेल तर एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. आमचे वर्ष चंद्रावर चालते आणि ते तुमच्या कॅलेंडरपेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान ईद २०२४ साली ११ एप्रिलला होती आणि २०२५ साली ३१ मार्चला आली. बकरी ईद २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला झाली, म्हणजे दोन्ही वेळा आपल्याकडे पाऊस आणि शाळा यांच्या तोंडावर. अशा वेळी छत्री, दप्तर किंवा डबा दिला तर तो दुसऱ्या आठवड्यातच वापरात येतो. २०२६ पासून काही वर्षे ती ईद मे महिन्यात येते, तेव्हा हा हिशेब बदलतो.

जायची वेळ : सकाळी जाऊ नका. नमाज, मग कब्रस्तानात फातिहा (मृतांसाठी प्रार्थना), मग नातलगांची ये-जा, यांत मुले हाताशी लागत नाहीत आणि त्यांच्या आईला चुलीपासून हलता येत नाही. दुपारचे जेवण आटोपल्यावर, चारच्या सुमारास जा, पाकिटे मुलांच्याच हातात द्या आणि पोटात शिरखुर्म्याला जागा ठेवा. मेंदीचे कोन मात्र चाँदरातीलाच वर-खाली करून पोहोचवा. चंद्र दिसला की नाही हे २९ व्या रोज्याच्या संध्याकाळीच कळते. नाही दिसला तर ईद एक दिवस पुढे जाते, तेव्हा कार्यालयात रजेचा अर्ज करताना कॅलेंडरमधल्या तारखेवर विसंबू नका आणि दुसरा दिवसही मोकळा राहील असे पाहा.